पहिल्या रोज्याची झोप

किशनरावांनी त्या मुलीला चहा विचारला आणि पहिल्याच वाक्यात माती खाल्ली.

"नको काका," मुलगी म्हणाली. "रोजा आहे."

किशनरावांनी जीभ चावली. स्वतःच्या हातातला भरलेला कप आता कुठे लपवावा हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो टेबलाखाली पायाशी ठेवला, आणि पुढचा सगळा वेळ त्याला लाथ लागू नये म्हणून पाय आखडून बसले.

नांदेडच्या वजिराबादेत एका कापड दुकानाच्या माडीवर गोदावरी राजूरकर यांचं कार्यालय होतं. पाटीवर 'खाजगी तपास' असं ठसठशीत लिहिलेलं. पण येणारे बहुतेक लोक नवरा मुलगा पितो का आणि नोकरी खरंच आहे का, एवढंच विचारायला यायचे. गोदावरीबाई पन्नाशीच्या, किरकोळ अंगाच्या, बोलण्यापेक्षा ऐकण्यात रमणाऱ्या. किशनराव त्यांचे भागीदार. तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर वेळ जात नाही म्हणून आले आणि इथेच मुरले. त्यांना स्वतःच्या तर्कबुद्धीबद्दल फार आदर होता. तो अजून दुसऱ्या कुणाला वाटू लागला नव्हता, एवढंच.

मुलीचं नाव जेबा. लातूरची, बारावीत शिकणारी. मामाला भेटायच्या निमित्ताने नांदेडला आली होती.

"माझे अब्बा निजामोद्दीन. लातूरला आमचं पुस्तकं बांधायचं दुकान हाय," ती म्हणाली. "मॅडम, सगळं गाव म्हणून राहिलंय की अब्बांनी रोजा मोडला. त्यांनी न्हाई मोडला. तुम्ही एवढं सिद्ध करून द्या, बस."

"पहिल्यापासून सांग," गोदावरीबाई म्हणाल्या.

भूकंपाला तीन वर्षं उलटून गेली होती. लातुरात आता पत्र्याच्या शेडपेक्षा शिकवणीच्या पाट्या जास्त दिसत. त्यातली सगळ्यात मोठी पाटी वीरभद्र सरांची. रविवारी त्यांची निवड परीक्षा होती. जे वर येतील त्यांना वर्षभर मोफत शिकवणी, म्हणून पार किनवटपासून मुरुडपर्यंतची पोरं आली होती. या परीक्षेची एक रीत होती. प्रश्नपत्रिकांची पेटी निजामोद्दीनचाचांकडे असायची. परीक्षेच्या सकाळी चाचा एकटे हॉलमध्ये जायचे, शटर ओढून आतून कुलूप घालायचे, बाकांवर पेपर मांडायचे आणि मगच शटर उघडायचे. सरांचा दुसऱ्या कुणावर विश्वासच नव्हता.

"त्या रविवारी पहिला रोजा होता," जेबा म्हणाली. "अब्बा आत गेले अन् शटर उघडंचना. पोरांनी दगडं घेऊन शटर वाजवलं. शेवटी वेल्डिंगवाला आणून कापलं. अब्बा पेटीवर डोकं ठेवून झोपलेले. हलवलं तर डोळे उघडायचे अन् पुन्हा मिटायचे. डॉक्टर आले, म्हणाले, पोटात गुंगीचं औषध गेलंय."

"पेपर चोरीला गेले?"

"न्हाई. सील तसंच होतं. पण परीक्षा बुडाली. पोरं थंडीत उभी राहून आल्या पावली परत गेली."

"आणि रोज्याचं काय?"

जेबाचा आवाज खाली गेला. "सर भर चौकात ओरडले. म्हणाले, औषध काय कानातून जातं का? तोंड उघडल्याशिवाय पोटात कसं गेलं? मग कुणीतरी म्हणालं, चाचा मुनीबभाईच्या हॉटेलात पडद्याआड गेले होते, तोंड पुसत बाहेर आले. रमजानात दिवसा हॉटेलला पडदा असतो ना, न धरणारे आत बसून खातात. झालं. तेव्हापासून अब्बा मशिदीत जात न्हाईत. घरीच नमाज पढतात. चाळीस वर्षांत एक रोजा सोडला न्हाई मॅडम त्यांनी."

"पहाटे सहेरीला काय खाल्लं होतं?"

"खिचडी, कीमा अन् खट्टा. अम्मी, मी, अब्बा, एकाच दस्तरखानावर. पाणी एकाच माठातलं. आम्हाला तर काही झालं न्हाई."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर अजान झाली. मग काय खाणार? आता अब्बांचा कुणावर भरवसाच राहिला न्हाई. त्यांच्या गोळ्यांचा डबा मी सांभाळायची, बीपीच्या वगैरे, तोसुद्धा दुसऱ्या दिवशी माझ्याकडून घेतला. मी काय त्यांना जहर देणार होते?" तिचे डोळे भरून आले.

गोदावरीबाईंनी तिला रुमाल दिला. मग त्या किशनरावांकडे वळल्या.

"बंद खोलीची प्रकरणं ऐकली होती आपण. हे बंद तोंडाचं प्रकरण आहे. चला लातूरला."

किशनराव उत्साहाने उठले आणि कपाला लाथ लागली.

*

निजामोद्दीनचाचांचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं. खळीचा वास, कागदाचे गठ्ठे आणि मधोमध कागद कापायचं भलंमोठं यंत्र. त्याचं पातं वर उचललेलं होतं. किशनराव त्याच्या लाकडी फळीवर टेकायला गेले.

"बोटं सांभाळून साहेब," चाचा म्हणाले. "हे मशीन कुणाचा मुलाहिजा ठेवत न्हाई."

चाचा साठीचे, पांढऱ्या दाढीचे. बोलायला मवाळ. भूकंपाच्या वेळी हा माणूस किल्लारीकडच्या गावांमध्ये जाऊन कितीतरी दिवस ढिगारे उपसत होता, हे लातुरात सगळ्यांना ठाऊक होतं. परत आल्यावर गल्लीतल्या बायकापोरांना 'घाबरू नका, आता काही होत नाही' असं सांगत फिरायचे तेही तेच.

"चाचा, रोजा मोडला?" गोदावरीबाईंनी सरळच विचारलं.

"न्हाई."

"मग शटर कापलं तरी जाग आली नाही, इतकी झोप कशी लागली?"

चाचांनी कागदाचा गठ्ठा सारखा केला, तो आधीच सारखा होता. "लागली. आदल्या रात्री जागा होतो. खुदा की मर्जी. पोरीनं तुम्हाला उगाच तकलीफ दिली."

"कुणावर संशय?"

"कुणावर न्हाई," चाचा चटकन म्हणाले. "कुणाचंच नाव घेऊ नका मॅडम. लोक मला बोलून राहिले, बोलू द्या. चार दिवसांत थकतील."

किशनरावांना हे फार खटकलं. ज्याच्यावर आळ आलाय तोच आळ काढू देत नाही म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, असं त्यांनी मनात नोंदवलं. पहिल्यांदाच त्यांची नोंद बरोबर होती, पण पुढे तिचं काय करायचं हे त्यांना सुचलं नाही.

आत स्वयंपाकघरात वहिदाभाभी इफ्तारची भजी तळत होत्या. किशनरावांचं निम्मं लक्ष तिथेच गेलं.

"शनिवारी रात्री कुणी परकं माणूस घरी आलं होतं का भाभी?"

"कुणीच न्हाई. हे तरावीची नमाज पढून उशिरा आले. आम्ही मायलेकी तर झोपलो होतो. सहेरीसाठी उठायचं होतं ना."

"सहेरी कशी झाली?"

"घाईची झाली. पहिला दिवस, मला जाग उशिरा आली. मशिदीच्या भोंग्यावर वेळ संपली, वेळ संपली म्हणून ओरडून राहिले अन् आमचे घास तोंडातच." त्यांनी झारा कढईवर आपटला. "मला शुगर हाय. गोळीशिवाय चालत न्हाई. डॉक्टरनं मागच्या साली सांगितलं, रमजानात तुमची सकाळची गोळी इफ्तारला घ्या अन् रात्रीची सहेरीला. आता मोहल्ल्यात सगळे तसंच करतात. पोरगी बरोबर लावून देते. डॉक्टरीण होणार ना आमची!"

"भजी कसली आहेत?" किशनरावांनी विचारलं.

"मिरचीची. इफ्तारला थांबा भाऊ."

किशनराव आनंदाने थांबणार होते, पण गोदावरीबाई जिना चढू लागल्या होत्या.

माडीवर देविका मॅडम भाड्याने राहायच्या. वीरभद्र सरांच्या क्लासमध्ये त्या रसायनशास्त्र शिकवत. तिशीच्या, चुणचुणीत, आणि तोंडाच्या फटकळ.

"हो, मी सरांचा क्लास सोडणार आहे," त्या विचारायच्या आधीच म्हणाल्या. "स्वतःचा काढणार आहे. परीक्षा बुडाली तर फायदा माझाच, असं सर सगळ्यांना सांगत सुटलेत. रसायनं मला कळतात, तेव्हा गुंगीचं औषधही मीच केलं असणार! चाचांना विष घालायचं म्हटलं तर आधी माझा हात झडेल. या गावात एकट्या बाईला खोली द्यायला तयार झालेला हा एकच माणूस."

"तुमच्या खिडकीतून अंगण दिसतं," गोदावरीबाई म्हणाल्या.

"दिसतं की. मी रात्री पेपर तपासत बसते. भूकंपानंतर इथे आले तेव्हापासून बघत होते, मी वर जागी आणि चाचा खाली येरझाऱ्या घालताहेत. रोज. मला सोबत वाटायची. गेल्या दसऱ्यापासून मात्र दिसेनासे झाले. म्हटलं, बरं झालं, झोप लागायला लागली."

"परत कधीच दिसले नाहीत?"

देविका मॅडमनी आठवून पाहिलं. "एकदाच. पहिल्या रोज्याच्या आदल्या रात्री. तरावीहून आले आणि पहाटेपर्यंत नुसते फिरत होते. त्यानंतर पुन्हा नाही."

जिना उतरताना किशनराव कुजबुजले, "बघितलंत? गुन्ह्याच्या आदल्या रात्री येरझाऱ्या! चाचांच्या मनात काहीतरी शिजत होतं."

"काहीतरी होतं खरं," गोदावरीबाई म्हणाल्या.

*

वीरभद्र सर दुसऱ्या दिवशी सकाळी भेटले. धिप्पाड गडी, आवाज असा की शेजारच्या क्लासातल्या पोरांनाही यांचंच भौतिकशास्त्र ऐकू जावं. ऑफिस पत्र्याचं होतं. टेबलाला लागूनच एक खाट टाकलेली, वर गादी आणि घडी न केलेलं पांघरूण.

"इथेच झोपता?" गोदावरीबाईंनी विचारलं. "आणि समोर तीन मजली घर बांधलंय ते?"

"काम असतं," सर तुटकपणे म्हणाले. "घरी मंडळी राहतात."

किशनरावांना सरांच्या कष्टाळूपणाचं कौतुक वाटलं.

"मला विचाराल तर समोरच्या क्लासवाल्यांचं काम आहे," सर टेबलावर हात आपटत म्हणाले. "चहात घालून पाजलं. त्या बिचाऱ्याला वाटलं असेल, एक घोट घेतला तर काय होतंय. मी चाचांना चोर म्हटलं नाही. पण तोंड उघडलं, हे तर खरं ना? मी भौतिकशास्त्राचा माणूस आहे. कारणाशिवाय कार्य होत नाही."

"परीक्षा येत्या रविवारी पुन्हा घेणार ना? तेव्हा किल्ली कुणाकडे?"

सरांनी नजर चुकवली. "बघू. दुसरा माणूस शोधतोय."

"चाचा हॉलमध्ये गेले तेव्हा कसे दिसत होते?"

"मी त्यांना पाठमोरं पाहिलं. पाय ओढत चालले होते. थंडी होती."

रस्त्यापलीकडेच मुनीबभाईंचं हॉटेल. दाराला जुन्या चादरीचा पडदा लोंबत होता. मुनीबभाई तिशीतला जाडगेला माणूस, या प्रकरणाने पार रडकुंडीला आलेला.

"अल्लाची कसम मॅडम, चाचांनी माझ्या इथं पाण्याचा थेंब पिला न्हाई. मी सांगतो तर लोक म्हणतात, तू आपलं हॉटेल वाचवून राहिला."

"मग आत आले कशाला?"

"दारात आले अन् म्हणले, मुनीब, डोळे लई ओढून राहिले, तोंडावर पाणी मारू दे. मी पाण्याचा मग हातात दिला. डोळ्यावर पाणी मारलं, खिशातल्या दस्तीनं पुसलं, पेटी उचलली, गेले. साधी गुळणीसुद्धा केली न्हाई. मीच म्हणलो, चाचा बसा जरा, तब्येत बरी दिसत न्हाई. तर म्हणले, पोरं लांबून आलीत रे, त्यांचा खोळंबा होईल."

"आत येण्याच्या आधीच डोळे ओढत होते?"

"म्हणून तर आले ना!"

गोदावरीबाई हसल्या. दोन दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या होत्या.

बाहेर आल्यावर किशनरावांनी घसा साफ केला. "गोदावरीबाई, मला उकललंय. दस्ती! देविका मॅडमनी चाचांच्या दस्तीला औषध लावून ठेवलं. चाचांनी तोंड पुसलं, नाकात गेलं, खलास. रोजाही शाबूत आणि झोपही पक्की."

"वा," गोदावरीबाई म्हणाल्या. "आता बाजारातून चांगले खजूर घ्या. आज सगळ्यांना चाचांच्या घरी इफ्तारला बोलवायचंय. आणि किशनराव, दस्तीचं तेवढं कुणापुढे बोलू नका."

*

अजान झाली, खजूर तोंडात गेले, सरबताचे पेले रिकामे झाले. अंगणात सतरंजीवर सगळे बसले होते. वीरभद्र सर एका कडेला अवघडून, कारण यायला ते तयारच नव्हते. देविका मॅडम त्यांच्यापासून होईल तितक्या लांब. मुनीबभाई भजीच्या परातीजवळ आणि किशनराव त्याच्याही जवळ. जेबा आणि वहिदाभाभी दाराशी. चाचा भिंतीला टेकून, मान खाली घालून.

"सरांचं एक वाक्य खरं आहे," गोदावरीबाईंनी सुरुवात केली. "कारणाशिवाय कार्य होत नाही. पण कारण आधी येतं आणि कार्य नंतर. सर, हॉटेलातल्या चहाने चाचांना झोप आली म्हणता. पण चाचा हॉटेलात शिरले तेच डोळे ओढत होते म्हणून. तुम्हीसुद्धा त्यांना पाय ओढत चालताना पाहिलंत. म्हणजे औषध त्याआधीच पोटात होतं."

"मुनीब सांगतो म्हणून?" सर म्हणाले.

"मुनीबभाईंना हॉटेल वाचवायचं असतं तर 'चाचा आलेच नाहीत' म्हणाले असते. आले, पाणी घेतलं, हे ते स्वतःहून सांगतात. खोटंच बनवायचं तर स्वतःला गोत्यात आणणारं असं कुणी बनवत नाही."

मुनीबभाईंनी परात गोदावरीबाईंकडे सरकवली. किशनराव हळहळले.

"आता त्याआधी काय? नमाज. त्याआधी सहेरी. म्हणजे औषध रोजा सुरू होण्यापूर्वी पोटात गेलं. रोजा मोडलाच नाही. जेबा, तू मला जे काम दिलं होतंस ते इथे संपलं."

"पण आम्ही सगळ्यांनी तेच खाल्लं!" जेबा म्हणाली.

"मॅडम," चाचा एकदम बोलले. "संपलं ना काम? मग ऱ्हाऊ द्या. इथंच थांबा."

गोदावरीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "थांबले असते चाचा. पण पुढच्या वेळी रविवार नसेल, दुकानाचा दिवस असेल."

चाचांना ते कळलं. त्यांनी नजर खाली घेतली.

"देविका मॅडम तीन वर्षं चाचांना रात्री फिरताना बघत होत्या. दसऱ्यापासून फिरणं थांबलं. कशाने थांबलं हे आपण नंतर बघू. पण एका रात्री पुन्हा सुरू झालं, आणि ती नेमकी पहिल्या रोज्याची आदली रात्र. किशनराव म्हणाले, मनात काहीतरी शिजत होतं. मी म्हटलं, असं तर नाही की जे रोज रात्री मिळायचं, ते त्या रात्री मिळालंच नाही? आणि जे रात्री मिळालं नाही, ते पहाटे मिळालं? भाभी, रमजानात रात्रीची गोळी कधी घेता?"

"सहेरीला," वहिदाभाभी म्हणाल्या, आणि त्यांचा हात तोंडावर गेला.

जेबा उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मी दिली. अम्मीच्या गोळ्या लावल्या तशा अब्बांच्या लावल्या. पुडीवर 'रात्री' लिहिलं होतं म्हणून सहेरीला ठेवली. पण ती तर बीपीची होती! अब्बाच म्हणाले होते, दोन्ही बीपीच्या हायेत."

"गोळ्यांच्या पट्टीवर नाव नव्हतं?"

"मेडिकलवाला कापून देतो. मागं नाव नव्हतं."

"मग ती कशाची होती, हे मी सांगणार नाही," गोदावरीबाई म्हणाल्या. "माणसाचं औषध ही त्याची खाजगी गोष्ट. सांगायचं तर चाचा सांगतील."

किशनरावांनी हातातलं भजं परत परातीत ठेवलं.

"मी चुकून घेतली," चाचा म्हणाले. "पोरीचा काही संबंध न्हाई."

"अब्बा!" जेबा ओरडली. "तुम्हाला माहीत होतं? म्हणून डबा घेतला माझ्याकडून? म्हणून गप बसलात?"

"मलाही तिथेच संशय आला," गोदावरीबाई म्हणाल्या. "ज्याला विषाची भीती वाटते तो घरचं जेवण आधी बंद करतो. चाचा भाभींच्या हातचं पोटभर जेवत होते. काढून घेतला तो फक्त गोळ्यांचा डबा. आणि तो घेतल्यापासून अंगणातल्या येरझाऱ्या पुन्हा बंद झाल्या. चाचांना पहिल्या दिवसापासून सगळं कळलं होतं. त्यांनी अख्ख्या गावाचं बोलणं अंगावर घेतलं, लेकीचं नाव पुढे येऊ नये म्हणून."

चाचांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग कुणाकडेच न बघता म्हणाले, "झोपेची हाय ती गोळी. भूकंपापासून मला झोप येत न्हाई. डोळा लागला की खालची जमीन हलते. लोकांना सांगत फिरलो, घाबरू नका. अन् मीच रात्रभर अंगणात. कसं सांगणार? दसऱ्याला डॉक्टरला दाखवलं, त्यानं गोळी दिली. म्हणला, झोपताना घ्या, घरच्यांना सांगून ठेवा. ते तेवढं मी केलं न्हाई. त्या रात्री तरावीहून आलो तर डबा पोरीच्या उशाशी अन् पोरगी झोपलेली. उठवलं असतं तर विचारलं असतं, कशाची गोळी एवढी लागते? म्हणलं, एका रात्रीनं काय होतं. सहेरीला भोंगा ओरडून राहिला, तिनं हातावर ठेवली, मी बघितली पण न्हाई, टाकली तोंडात. मशिदीतून निघताना डोळे जड झाले तेव्हा समजलं."

"भरल्या पोटावर ती उशिरा चढते," गोदावरीबाई म्हणाल्या. "म्हणून नमाज होईपर्यंत तुम्ही धड होतात. पण समजल्यावर तरी किल्ली सरांच्या हातात द्यायची होती, चाचा. त्या गोळीपुढे कुणाची जिद्द चालत नाही. आणि जेबा, तुझ्या अम्मीला तो नियम डॉक्टरांनी अम्मीच्या साखरेसाठी सांगितला होता. मोहल्ल्याने तो सगळ्यांच्या सगळ्या गोळ्यांना लावला. झोपेच्या गोळीपुढे अख्खी रात्र मोकळी लागते. एखाद्या रात्री राहिली तर राहिली, पहाटे भरून काढायची नसते. रमजान असो नाहीतर एकादशी, वेळ बदलायच्या आधी ज्याने गोळी दिली त्याला विचारायचं. त्या दिवशी रविवार होता, हे नशीब. सोमवार असता तर चाचा अजाननंतर कुठे बसले असते?"

सगळ्यांच्या नजरा पुढच्या खोलीतल्या यंत्राकडे गेल्या. वर उचललेलं पातं अंगणातून दिसत होतं. वहिदाभाभींनी डोळ्यांना पदर लावला.

जेबा खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. "मला न्हाई व्हायचं डॉक्टर. मी अब्बांना मारलं असतं."

चाचा उठले. आत गेले, गोळ्यांचा डबा घेऊन आले आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"भर अंगणात उभं राहून 'मी दिली' म्हणलीस. मला एवढ्या वर्षांत एवढं जमलं न्हाई. अशा डॉक्टरच्या हातची गोळी मी डोळे झाकून घेईन."

"डोळे झाकून नका घेऊ हो चाचा!" गोदावरीबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, आणि रडता रडता जेबाला हसू फुटलं.

किशनरावांना वाटलं, आता वातावरण निवळलंय तर विचारून टाकावं. "चाचा, एक गोळी मला मिळेल का? परतीच्या एस.टी.त मला अजिबात झोप लागत नाही."

"किशनराव!"

"राहिलं," किशनराव म्हणाले आणि भज्याकडे वळले.

वीरभद्र सर सावकाश उठले. एवढा मोठा माणूस, पण हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

"चाचा," ते म्हणाले, आणि त्यांचा तो प्रसिद्ध आवाज शेजारीसुद्धा गेला नसता. "मी पत्र्याखाली झोपतो. तीन मजले बांधले, एक रात्र त्या स्लॅबखाली काढली नाही. बायकोला सांगतो, काम आहे."

"मी चपला घालून झोपतो," मुनीबभाई पटकन म्हणाला. "पळायला बरं पडतं. बायको लई शिव्या देते."

देविका मॅडम हसल्या, आणि मग सगळेच हसत सुटले. चाचासुद्धा. तीन वर्षं एका गल्लीत राहून, एकमेकांना धीर देत, ही सगळी माणसं रात्री आपापल्या जागी टक्क जागी होती. किशनरावांना का कोण जाणे, भरून आलं.

"डॉक्टरांना दाखवा सर," गोदावरीबाई म्हणाल्या. "चाचांची गोळी मागू नका म्हणजे झालं."

मशिदीतून रात्रीच्या इशाच्या नमाजाची अजान ऐकू आली. चाचा सवयीने आतल्या खोलीकडे वळले, जिथे ते आठवडाभर एकटे नमाज पढत होते.

"तिकडे कुठे?" वीरभद्र सर म्हणाले. त्यांनी दाराशी जाऊन चाचांच्या चपला उचलल्या आणि त्यांच्या पायापुढे ठेवल्या. "चौकात ओरडलो मी, तर आता चौकातून तुमच्याबरोबर चालणारही मीच. मशिदीच्या दारात उभा राहतो. येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, निजामोद्दीनचाचांचा रोजा शाबूत होता, वीरभद्रची जीभ घसरली."

चाचांनी चपलांत पाय घातले आणि सरांचा हात धरला. दोघं गल्लीत उतरले, मागोमाग मुनीबभाई, आणि सर पहिल्याच वळणावर भेटलेल्या माणसाला इतक्या मोठ्याने सांगू लागले की अंगणात बसलेल्या जेबाला शब्दन्‌शब्द ऐकू आला.